सगळे आले

"सगळे आले!" अशी आरोळी पुढून ऐकू आली तेव्हा मी अजून मागेच होते. म्हणजे सगळे आले नव्हते. आणि ओरडणारा दुसरातिसरा कोणी नव्हता, माझा नवरा होता, वॉरिक. तो आवाज मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार? इतकी वर्षं त्याच आवाजानं मला फ्रिजमधलं लोणी कुठे आहे ते विचारलंय. थिरूलच्या सिग्नलनंतरच्या चढावर त्याच्या मागच्या चाकात आणि माझ्यात चारपाच सायकलींचं अंतर पडलं होतं, जास्त नाही. आमच्या शनिवारच्या घोळक्याची एक रीत आहे. सिग्नलला घोळका तुटला की पुढचे हळू होतात, नुसते पाय हलवत राहतात. सगळ्यात शेवटच्या माणसानं मागे वळून बघायचं, कोणी उरलं नाही ना याची खात्री करायची आणि ओरडायचं, "सगळे आले!" ती आरोळी एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या तोंडी अशी पुढपर्यंत जाते, सर्वात पुढचा हात वर करतो, आणि मग घोळका सुटतो. ती येईस्तोवर कोणी वेग वाढवत नाही. कोणाला कामाची घाई असो, कोणाचं पोरगं मैदानावर बापाची वाट बघत असो, त्या दोन शब्दांशिवाय घोळका हलत नाही. वॉरिकनं मान वळवली होती, मी स्वतः पाहिलं. माझ्या दिव्याकडे बघितलं, पुन्हा पुढे बघितलं, आणि ओरडला. मग त्याचा मागचा लाल दिवा वळणाआड गेला आणि रस्त्यावर टायरचा आवाज तेवढा राहिला, तोही माझाच.

हाक मारायला काय झालं होतं, असं कोणीही विचारेल. घसा शाबूत होता. पण हाक मारून थांबवलेला नवरा आणि आपणहून थांबलेला नवरा यात फरक असतो बाई, आणि मला त्या सकाळी दुसराच हवा होता. गेल्या रविवारी तो अंगणात सायकल धूत होता, साखळीला ब्रश घासत, माझ्याकडे पाठ करून. म्हणाला, "गेनॉर, रागावू नकोस, पण डिसेंबरला मी एकटाच गेलो तर?" डिसेंबर म्हणजे देशाच्या पार दुसऱ्या टोकाची ती लांबची शर्यत. आधी समुद्रात पोहायचं, मग सायकल, मग धावायचं, सकाळी सुरू झालेला माणूस अंधार पडता पडता पोचतो. दोघांची नावं घातली होती आम्ही. मी म्हटलं, "का? मी मेले की काय?" "तसं नाही गं. तू दमतेस. तुझा आठवडाच तसा आहे." "माझ्या आठवड्याचं मी बघीन. शनिवारी बाल्ड हिलच्या माथ्यापर्यंत घोळक्याबरोबर पोचले तर येणार. नाही पोचले तर जा एकटा. झालं?" तो "झालं" म्हणाला आणि पुन्हा साखळीला लागला. त्याच्या खांद्यांवरून मला कळलं की त्याचा जीव भांड्यात पडला होता. खरं सांगायचं तर शर्यत गेली खड्ड्यात. पण मुलगा दूर डार्विनला नोकरीला, घरात बोलायला विषय म्हणजे टायर, वारा आणि गुडघे, आणि आठवड्यातला दोघांचा मिळून वेळ म्हणजे ही शनिवारची सकाळ. ती सुटली तर मागे काय राहतं, हे मी स्वतःला विचारायचं टाळत होते. लोणी राहतं, दुसरं काय.

आणि शनिवार उजाडायच्या आधीच फोन. आईच्या निवासातून. आई बुलीच्या वृद्धनिवासात असते, महामार्गाच्या कोपऱ्यावर, शनिवारी आमचा घोळका तिच्या फाटकावरून भर्रकन जातो. ती पहाटेच कोट चढवून फाटकापाशी जाऊन बसली होती आणि आत यायला तयार नव्हती. मी वॉरिकला म्हटलं, "तू हो पुढे. मी तिथूनच गाठते." तो म्हणाला, "अगं राहू दे आजच्या दिवस," आणि तेही इतक्या मायेनं म्हणाला की मला चीड आली. मी कपडे चढवले, शिरस्त्राण घातलं आणि गाडीत सायकल टाकून बुलीला गेले. वसंताचे दिवस, घरटी राखणारे मॅगपाय पक्षी मागून येऊन टाळूला चोच मारतात म्हणून आम्ही शिरस्त्राणावर प्लास्टिकच्या पट्ट्या उभ्या बांधतो. साळिंदरच दिसतो माणूस. आई नाइटीवर कोट घालून बाकावर बसली होती, पर्स मांडीवर. मी म्हटलं, "आई, चल आत, गारठा आहे." तिनं माझ्या डोक्यावरच्या काट्यांकडे बघितलं. "कोण गं तू?" "मी गेनॉर." "छे! गेनॉर यायचीय अजून. सायकलवर आहे ना ती, वेळ लागतो तिला." मी तिच्या शेजारी टेकायला गेले तर पर्स मध्ये ठेवली तिनं. "तू बस तिकडे. ही तिची जागा आहे." रात्रपाळीची लोसा चहाचा कप घेऊन आली, म्हणाली, "जा तू ताई, मी नेते त्यांना. नाश्त्याला बसल्या की विसरतील." मला शिरस्त्राण काढता आलं असतं. एक बकल तर होतं. तेवढ्यात महामार्गावर खालून दिव्यांची रांग येताना दिसली आणि मी सायकल काढली.

आता आईला हे सायकलचं खूळ कुठून लागलं, ते मलाच ठाऊक. माझा आठवडा असा की त्यात सुई घुसायची नाही. इस्पितळात दिवसभर लोकांच्या छातीचे फोटो काढायचे. श्वास घ्या, रोखून धरा, सोडा. हे शब्द मी झोपेतही बोलते म्हणे. त्याच्या आधी समुद्रकाठच्या खाऱ्या तलावात पोहून घ्यायचं, तेही पाणी इतकं काळं असतं की पुढच्याचे पाय हाताला लागले तरच कळावं. जेवणाच्या सुट्टीत गाड्यांच्या तळाच्या उतरणीवर वरखाली धावायचं. दात घासताना एका पायावर उभं राहायचं. आणि संध्याकाळी गॅरेजमध्ये, सायकलचं मागचं चाक काढून यंत्रावर चढवायचं आणि जागच्या जागी पायडल मारत राहायचं. आईचा फोन नेमका त्या वेळी. बंद करावा तर दिवसभरात तेवढंच बोलणं. मग फोन हँडलवर ठेवायचा, आवाज मोठा करायचा, पाय चालूच. आईला ते घरघर ऐकू जायचं. पहिल्यांदा तिनं विचारलं, "कसला गं आवाज?" मी धापा टाकत म्हटलं, "सायकलवर आहे." "हो का? कुठवर आलीस?" मला हसू आलं. म्हटलं, "आले, फेअरी मेडोपर्यंत." "मग चहा ठेवते," म्हणाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कुठवर आलीस? कोरिमलपर्यंत, आई. सांभाळून ये गं, अंधार होतोय. शेजारच्या यंत्रावर वॉरिक कानात गाण्यांची बोंडुकली खुपसून स्वतःच्याच कुठल्यातरी डोंगरावर चढत असायचा, घामाचं थारोळं खाली. आणि मी भिंतीवरच्या करवतीकडे बघत आईकडे निघालेली असायचे, कितीतरी महिने, रोज, आणि जागची हलत नव्हते. कधी वाटायचं सांगून टाकावं, आई, मी गॅरेजात आहे. पण ती इतकी खुशीत असायची.

तर अशी मी बुलीच्या कोपऱ्यावर घोळका जाताना शेवटच्या चाकामागे लागले. शेवटचा वॉरिकच होता. असं मध्येच जोडलं गेलं की ओरडायचं असतं, "मागे एक!" म्हणजे पुढच्यांना कळतं, आपल्या मोजणीत भर पडली. पोराटोरांनाही ठाऊक आहे. मी ओरडले नाही. मला वाटलं, बघू या. त्याच्या मागच्या चाकापासून हातभर अंतरावर मी, त्याच्या पाठीच्या आडोशात, वारा लागत नव्हता, त्याच्या अंगाला येणारा तो मलमाचा वास येत होता. दहा वर्षांपूर्वी मी सायकलीवर नवी होते तेव्हा हाच वास. तेव्हा तो दर मिनिटाला बगलेखालून मागे बघायचा. "चिकट, गेनॉर, चिकट! माझ्या चाकाला सोडू नकोस!" चढ आला की एक हात माझ्या पाठीवर ठेवून ढकलायचा आणि स्वतः लालबुंद व्हायचा. घोळक्यातले चिडवायचे, "वॉरिक, बायकोला इंजिन बसव रे!" तो म्हणायचा, "मीच की इंजिन." पोहायलाही त्यानंच शिकवलं, खाऱ्या तलावाच्या कठड्यावरून चालत, मी पाण्यात आणि तो वर, बरोबरीनं. मी श्वासाला तोंड वळवलं की त्याची पावलं दिसायची. आता तो माझ्यापेक्षा पुष्कळ पुढे पोहतो. त्यात त्याची चूक नाही. वेळ काढता येतो त्याला. त्याचे आईवडील सुटले, दोघंही झोपेत. मी असं मनात म्हणते आणि मग जीभ चावते.

थिरूलला सिग्नल लाल झाला, अर्धा घोळका पलीकडे, आम्ही अलीकडे. तो उभा, मी त्याच्या मागे उभी. पाय टेकवलेला, हाताच्या अंतरावर. त्यानं बाटलीतून पाणी प्यायलं, नाक शिंकरलं. मी श्वास रोखून धरला होता. आता वळेल, म्हटलं, आणि म्हणेल, अगं तू! शेजारच्या केल्विननं त्याला काहीतरी सांगितलं आणि दोघं हसले. केल्विन म्हणजे घोळक्यातला सगळ्यात म्हातारा, जीभ सगळ्यात तरुण. सिग्नल हिरवा झाला. पहाटेपासून पोटात काही नव्हतं, अंग गरम झालेलं नव्हतं, चढावर माझ्या मांड्यांत शिसं ओतल्यासारखं झालं. हातभराचं अंतर सायकलभर झालं, मग चारपाच सायकलींचं. आणि मग ती आरोळी.

पुढचा रस्ता मी एकटीनं केला. उजवीकडे समुद्र, दूर कोळशाची जहाजं आपापली पाळी यायची वाट बघत उभी. ऑस्टिनमर, कोलडेल, क्लिफ्टन. मग तो समुद्रावरचा वळणावळणाचा पूल, जिथे शनिवार-रविवार लोक फोटो काढतात. पुलावर वारा समोरून होता आणि मी ज्या वेगानं चालले होते त्याला सायकल चालवणं म्हणणं लाजिरवाणं होतं. मी स्वतःशी वाद घालत होते. त्यानं पाहिलं. नाही पाहिलं. पाहिलं आणि मुद्दाम ओरडला, म्हणजे एकदाचा माझा निकाल लागावा. इतका नीच नाही तो. मग? आणि आश्चर्य म्हणजे मला मनातून वाटत होतं की त्यानं मुद्दामच केलेलं असावं. मुद्दाम केलं असेल तर भांडता येतं, आदळआपट करता येते, तो रात्री येऊन म्हणतो चुकलं माझं, आणि आपण भिंतीकडे तोंड करून झोपतो. मुद्दाम करायलाही माणूस मनात असावा लागतो. बाल्ड हिलच्या चढावर मी दोनदा उतरून सायकल ढकलली. माथ्यावर कोणी नव्हतं, कापडी पंख पसरून उडणारे दोघेचौघे वाऱ्याचा अंदाज घेत बसलेले. त्यातल्या एकीनं विचारलं, "बरं आहे ना तुम्हाला?" मी म्हटलं, "छान आहे की." आणि उतरले.

घोळका खाली स्टॅनवेल पार्कच्या कॉफीच्या टपरीपाशी होता, सायकली गवतावर, पाय पसरलेले. वॉरिकच्या हातात अर्धं सँडविच होतं. मला बघून तो खरोखर उभा राहिला.

"अगं! तू? आईकडे नव्हतीस का तू?"

"होते. बुलीपासून तुमच्याच मागे होते."

"मागे? कुणाच्या मागे?"

"तुझ्या."

तो हसला, मग हसायचा थांबला. "काहीतरीच काय! हाक नाही का मारायची? 'मागे एक' म्हणायचं ना!"

केल्विन गवतावरून ओरडला, "झालं, वॉरिक! बायको हरवलीस! आज सोफ्यावर झोप!" सगळे हसले. मीही हसले, काय करणार.

"अरे, मागे एक दिवा दिसला होता मला," वॉरिक म्हणाला, अगदी मनापासून, आठवत. "थिरूलच्या चढावर. मला वाटलं, कोणीतरी आहे."

कोणीतरी. झालं, निकाल लागला, आणि तो लावताना त्याला कळलंही नाही. त्यानं उरलेलं सँडविच माझ्या हातात दिलं, "खा, पांढरीफटक पडलीयेस," आणि माझी बाटली भरून आणायला गेला. बघा, वाईट नाही तो. वाईट असता तर किती बरं झालं असतं. मी सँडविच खाल्लं, त्यातलं अंडं गार झालं होतं, आणि रडू येईल म्हणून समुद्राकडे तोंड करून चावत राहिले.

परतीला त्यानं मला मधोमध ठेवलं, दोन्हीकडून आडोसा, आजारी माणसाला नेतात तसं. पुलापर्यंत तो माझ्या शेजारी होता. मग म्हणाला, "माथ्याचं राहू दे गं. आज तुझी सकाळच तशी गेली."

"बोली ती बोली."

"तसं नको म्हणूस." मग हँडलवर बोटं वाजवत, "पण मग डिसेंबरचं तिकीट मी माझं एकट्याचं काढतो. चालेल ना? तुलाही जरा उसंत मिळेल. आईकडे बसता येईल."

"चालेल."

"नक्की? मागून बोलायचं नाही हं."

"नक्की, वॉरिक."

त्याचा चेहरा उजळला. अगदी दहा वर्षांपूर्वीसारखा, म्हणजे तेव्हा तो माझ्याकडे बघून उजळायचा. केल्विननं पुढून काही हाक दिली, यानं माझ्या पाठीवर तळवा ठेवला, एक क्षणभर, ढकलल्यासारखं केलं आणि पुढे गेला. मी हळूहळू मागे येत गेले. मुद्दाम नाही आणि नाइलाजानंही नाही. एकेक जण ओलांडून जाताना "ठीक ना?" म्हणायचा आणि मी "ठीक" म्हणायचे. थिरूल गेलं. बुलीच्या सिग्नलला दिवा पिवळा झाला तेव्हा बाकीचे निसटले आणि मी एकटी थांबले. शेवटची. म्हणजे ओरडायचं काम आता माझं.

पलीकडे घोळका हळू झाला होता. नुसते पाय हलवत, मला पाठी दिसत होत्या, रंगीबेरंगी, डोक्यांवर काटे. सगळ्यात पुढे वॉरिक होता. ते माझ्या दोन शब्दांसाठी खोळंबले होते. दिवा हिरवा झाला. मी हलले नाही. एक पाय फुटपाथच्या कडेला टेकवून उभी राहिले. म्हटलं, नाही ओरडले तर काय होईल? कोणीतरी वळून बघेल. त्याला वाटेल, का बरं आवाज येत नाही. तो वळेल, मला बघेल, दुभाजकाला वळसा घालून परत येईल, आणि मग मी काहीही ऐकून घेईन. मी वाट बघितली. माझ्या मागच्या गाडीवाल्यानं हॉर्न दिला, मग वळसा घालून शिवी देऊन गेला. पाठी तशाच. पाय हलत होते, थोडे अधिकच हळू. फार सज्जन माणसं आहेत. आरोळीशिवाय ती कितीही वेळ तशीच रेंगाळली असती, रीत म्हणजे रीत. पण वळून कोणी बघितलं नाही, कारण बघायचं काम शेवटच्याचं असतं.

मग मी श्वास घेतला, रोखून धरला आणि पोटातून ओरडले, "सगळे आले!"

ते शब्द पुढे जाताना मला ऐकू आले. आधी कोणा पोराच्या आवाजात, मग केल्विनच्या खरखरीत आवाजात, सगळे आले, सगळे आले. वॉरिकनं हात वर केला, ऐकलं अशी खूण. वळून न बघता. मग ते सगळे पुढे झुकले आणि सुटले, आणि उताराला लागेपर्यंत मी त्याची पाठ ओळखत होते.

कोपऱ्यावर आईचं निवास होतं, माझी गाडीही तिथेच. बाकावर आई पुन्हा येऊन बसली होती, पर्स शेजारच्या जागेवर ठेवून, रस्त्याकडे डोळे लावून. मी शिरस्त्राण काढलं, केस नीट केले आणि तिच्यासमोर जाऊन उभी राहिले.

ती म्हणाली, "जरा बाजूला हो गं बाई. रस्ता दिसत नाही मला."